बाईंना विचारा : निकाल आजीला कसा सांगायचा?

पहिल्या सत्राचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. महिनाभर जेवणखाण, हट्ट, मोबाईल असे प्रश्न येत असतात, आणि मग एकदम सगळी पत्रं मार्कांवर येतात. त्यातली तीन पत्रं यावेळी घेतली आहेत. शेवटच्या पत्रावर जास्त लिहिणार आहे. त्यातल्यासारख्या शाळांमध्येच, बीड जिल्ह्यात, माझी ३४ वर्षांची नोकरी झाली.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, शहरातल्या एका खाजगी शाळेत. घटक चाचणीचे मार्क वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. एका कागदाचा फोटो होता, त्यावर ४१ मुलांची नावं, मार्क आणि नंबर. माझ्या मुलीचा नंबर २७, गणितात २० पैकी ११. माझ्या जावेचा मुलगा त्याच वर्गात, त्याचा तिसरा. मी फोन उघडायच्या आधी घरात सगळ्यांना कळलं होतं. आता तिचे काका तिला गमतीनं ‘सत्तावीस’ म्हणून हाक मारतात. आठ दिवस झाले, सकाळी रिक्षा आली की तिचं पोट दुखतं. शाळेशी बोलू का? बोलले तर तिच्यावर राग काढतील, अशी भीती वाटते.
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, शाळेशी बोलाच. पण त्याआधी घरातली ती हाक आज रात्री बंद करा. दिरांना तुम्ही सांगणार की तुमच्या यजमानांनी सांगायचं, ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा. सांगायला उद्याची वाट मात्र पाहू नका. सात वर्षांच्या लेकराला गंमत आणि हिणवणं यातला फरक कळत नाही. तिला फक्त हाक कळते. जावेशीही बोला. तिचा मुलगा आज तिसरा आहे, पुढच्या चाचणीत तेरावा आला तर तोही फोटो सगळ्यांच्या फोनवर जाणार आहे. ती तुमच्या बाजूने उभी राहील असं मला वाटतं.

आता ते ११ मार्क. हा आकडा तुम्हाला काहीही सांगत नाही. नऊ मार्क कुठे गेले ते पेपर पाहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून पेपर मागा. दुसरीच्या गणितात दोन चुका मी वर्षानुवर्षं पाहिल्या. पहिली, बाईंनी ‘पंचवीस’ म्हटलं की मूल ५२ लिहितं. त्यात मुलाचा वेंधळेपणा नसतो. मराठीत पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, मूल ऐकलं तसं लिहितं. (२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून.) दुसरी चूक, ५२ वजा १७ बरोबर ४५. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. त्याला वजाबाकी येते, फक्त लहानातून मोठं जात नाही तेव्हा दशक सोडवायचा असतो, हे अजून उमगलेलं नाही. घरात चिंचोके असतील. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधून पाच पुरचुंड्या आणि दोन सुटे चिंचोके तिच्यापुढे ठेवा आणि त्यातून सतरा द्यायला सांगा. पुरचुंडी सोडावी लागते हे तिच्या हाताला कळलं की आठवडाभरात ते वहीतही उतरेल.

शाळेत गेलात की आधी वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, शाळा सुटल्यावर. ग्रुपवर काही लिहू नका, तिथे लिहिलं की ते भांडण होतं आणि इतर आया गप्प बसतात. एवढंच म्हणा : ‘मॅडम, माझ्या मुलीचे मार्क मला एकटीला सांगत जा, आणि तिचा पेपर मला पाहू द्या.’ कदाचित त्या बाईंनाही तो फोटो टाकायचा नसेल. ४१ पालकांना वेगवेगळं कळवायला एक अख्खी संध्याकाळ जाते आणि फोटोला एक मिनिट लागतं. तरी ती संध्याकाळ देणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे. बाईंनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, मग पालक-शिक्षक संघात विषय काढा, आणि तिथेही भागलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी असं म्हटलंय. मी ते असं वाचते की ज्याचं मूल, त्याला त्याची माहिती. २९ व्या कलमात मूल भीती आणि चिंता यांपासून मुक्त असावं असं आहे, आणि १७ व्या कलमाने मुलाला मानसिक त्रास देण्यावर बंदी आहे. तुमच्या मुलीचं पोट रिक्षा आल्यावरच दुखतं, ही गोष्ट लेखी अर्जात जशीच्या तशी लिहा. राग काढण्याबद्दल म्हणाल, तर मागणी लेखी आणि सौम्य भाषेत असली की शिक्षक सहसा जपून वागतात. तरीही काही जाणवलं तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : पोरगा चौथीला, जिल्हा परिषद शाळेत. प्रगतिपत्रकावर मराठीला अ-२, गणिताला ब-२ आणि इंग्रजीला क-१ आहे. आमच्या वेळी शेकड्यात मार्क असायचे, लगेच कळायचं. क म्हणजे नापास का? आणि पाचवीला पुन्हा परीक्षा सुरू झाली म्हणतात, ते खरं का?
— एक शेतकरी, ता. वसमत

उत्तर : दादा, क म्हणजे नापास नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यातल्या या श्रेणी आहेत. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, आणि मग दहा-दहाने खाली : ब-१, ब-२, क-१, क-२. ४१ च्या खाली ३३ पर्यंत ड. त्याखालच्या दोन श्रेणी इ-१ आणि इ-२. म्हणजे तुमचा मुलगा मराठीत ऐंशीच्या वर, गणितात साठ ते सत्तरच्या मधे आणि इंग्रजीत पन्नाशीच्या पुढे आहे.

या गुणांत सगळा वाटा सत्राच्या शेवटच्या पेपरचा नसतो. चौथीला शंभरातले ६० गुण सत्रभराच्या कामाचे असतात, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, छोट्या चाचण्या. त्याला आकारिक म्हणतात. ४० गुण शेवटच्या परीक्षेचे, ते संकलित. म्हणून शाळेत गेलात की गुरुजींना विचारा, इंग्रजीत कमी पडलं ते सत्रभराच्या कामात की पेपरात? पोरगा वर्गात बोलतो पण लिहायला अडतो, की तोंडच उघडत नाही? दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

पाचवीचं खरं आहे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, आणि आपल्या राज्यात ती वार्षिक परीक्षा होते. जो पास होत नाही त्याला पुन्हा एक संधी असते. त्याची धास्ती आत्तापासून पोराच्या डोक्यात घालू नका. हळदीच्या कामातून एक दुपार काढून शाळेत जा, ती जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट २३. यंदा १८ मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेले. चार मुलं त्यांच्याबरोबर गेली, बाकीची आजी-आजोबांकडे आहेत. पालकसभा लावली की तीन-चार जण येतात. प्रगतिपत्रक घरी पाठवतो, ते आजीचा अंगठा उठवून परत येतं. ती ते वाचू शकत नाही. पालकांना निकाल कळवला, असं मी रजिस्टरला लिहितो. पण मी नेमका कोणाला कळवला?
— एक शिक्षक

उत्तर : सर, तुम्ही माझ्या लेकाच्या वयाचे असाल, म्हणून माझ्या हातून घडलेलं तुम्हाला सांगते.

मूल्यमापनाच्या या नव्या पद्धतीच्या आधीची गोष्ट. मी केज तालुक्यातल्या एका गावी होते. १ मे, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की तिथेच निकाल वाचायचा, अशी रीत होती. मी नंबराने नावं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऊसतोडीहून नुकताच परतलेला एक बाप पेढ्यांचा पुडा घेऊन निंबाखाली उभा होता. त्याचा मुलगा दुसरीत. नावं पुढे सरकत गेली तसा तो पुडा त्याने हातातून काखेत घेतला, आणि मग उपरण्याखाली. त्याच्या पोराचं नाव शेवटून दुसरं आलं. पेढे न वाटता तो पोराला घेऊन निघून गेला.

तो मुलगा दिवाळीत फक्त अक्षरं ओळखत होता. १ मेपर्यंत तो बिनजोडाक्षरांची अख्खी गोष्ट वाचायला लागला होता. त्याचा बाप गावात नव्हता, नेमक्या त्याच सहा महिन्यांत हे घडलं होतं. माझ्या टाचणवहीत, म्हणजे रोजच्या शिकवण्याच्या नोंदवहीत, ते तारीखवार लिहिलेलं होतं. मला ठाऊक होतं, आणि मी बापाला ते सांगितलं नाही. मी त्याला फक्त नंबर सांगितला. पुढच्या दिवाळीत त्याने पोराला बरोबर नेलं. मी सांगितलं असतं तर त्याने नेलं नसतं, असा दावा करता येणार नाही, घरी ठेवायला त्याच्याकडे म्हातारं माणूसही नव्हतं. पण नेताना त्याच्या मनात ‘शेवटून दुसरा’ एवढंच होतं आणि ते मी घातलेलं होतं. त्यानंतर मी झेंड्याखाली कधीही निकाल वाचला नाही.

आता तुमच्या आज्यांकडे येऊ. सभेला त्या येत नाहीत याचं एक कारण सभेची वेळ आहे. सकाळी अकराला सभा लावली तर आजी कापूस वेचायला गेलेली असते, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून ती प्रगतिपत्रकाला अंगठा द्यायला का येईल? दिवेलागणीला तुम्ही तिच्या ओसरीवर जा. आठवड्याला तीन घरं घेतली तरी दीड महिन्यात गाव होतं, आणि डोंगरपट्ट्यातल्या वस्तीला घरं तरी किती असतात.

जाताना प्रगतिपत्रक खिशात ठेवा आणि मुलाच्या दोन वह्या हातात घ्या, जूनमधली आणि आत्ताची. दोन्ही आजीपुढे उघडून ठेवा. जूनमधलं अक्षर ओळीबाहेर पळालेलं असतं, आत्ताचं ओळीवर बसलेलं असतं. हे पाहायला वाचता यावं लागत नाही. मग मुलाला वाचायला सांगा. अक्षर न शिकलेल्या माणसालाही अडखळणं ऐकू येतं. एका आजीने मला जे विचारलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. नात घडाघडा वाचत होती आणि मी खुशीत होते. आजी म्हणाली, ‘बाई, मला अक्षर कळत न्हाई. पर ही गाणं म्हनल्यावानी वाचती. पाठ तर केलं न्हाई ना?’ मी पुस्तकाचं दुसरं पान उघडलं. पोर तिसऱ्या शब्दाला अडली. वर्गात चार महिने मला जे कळलं नव्हतं ते त्या बाईने ओसरीवर बसून दोन मिनिटांत ओळखलं. आपण तिला निकाल सांगायला जातो खरं, पण तिच्याकडूनही आपल्याला निकाल मिळतो.

गणितासाठी किराण्याचा हिशोब घ्या. पन्नासची नोट दिली, बत्तीसचं सामान आणलं, किती परत आणशील? लेकराने बरोबर सांगितलं की आजीचा चेहराच सांगतो की तिला निकाल कळला. चुकलं तर कुठे चुकलं तेही तिला दिसतं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानावर पाठवताना ती स्वतःच विचारायला लागते.

प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींवर मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचं आहे. छापील नोंदींच्या याद्या हातोहात फिरतात, त्यातून ओळी उतरवल्या जातात, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ हे वाक्य २३ पैकी १५ पत्रकांवर असेल तर ते कोणत्याच मुलाचं नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘साधे शब्द न थांबता वाचते. रफार आला की अडते, सूर्यला सुरय म्हणते.’ किंवा : ‘बेरीज तोंडी करतो. वजाबाकीत दशक सोडवायला विसरतो.’ एका मुलामागे पाच मिनिटं जास्त जातात, २३ मुलांचे दोन तास. तुमच्यामागे माहिती भरायची केवढी कामं असतात ते मला ठाऊक आहे, तरी हे दोन तास मी मागते. अशी नोंद वाचून दाखवली तर आजीलाही कळते, आणि पुढच्या वर्षी वर्ग ज्यांच्या हाती जाईल त्यांनाही.

आईवडिलांचं काय? ते कुठे सातारा-सांगलीकडे, कुठे कर्नाटकात उसाच्या फडावर आहेत. पहाटे थंडीत तोडणी सुरू होते, गाडी भरायला रात्र होते, कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, बहुतेकदा वीज नसते. त्यांच्या फोनवर प्रगतिपत्रकाचा फोटो पाठवून काही होत नाही, तो कोणी उघडत नाही आणि उघडला तरी कळत नाही. लेकराचा आवाज पाठवा. मुलाला एक परिच्छेद वाचायला लावा, मिनिटभराचं रेकॉर्डिंग करा, शेवटी तुमची तीन वाक्यं बोला : आता काय येतं, काय अजून येत नाही, आणि शनिवारी फोन कराल तेव्हा त्याला कोणती गोष्ट वाचून दाखवायला सांगायचं. ‘अभ्यास घ्या’ असं त्यांना म्हणू नका, ते कसा घेणार? फोनवर ऐकणं मात्र त्यांना जमतं. टोळीत एकाच्या फोनवर आलेला आवाज रात्री चारजण ऐकतात, म्हणून त्यात मुलाला लाजवेल असं काही नसावं, आणि दुसऱ्या कोणत्याही मुलाचं नाव त्यात येऊ नये. आईच्या नावाने बोला. फोन बापाकडे असला तरी ‘तुझ्या आईला ऐकव’ असं मुलाच्या तोंडून आलं की तो ऐकवतो.

तुमच्या गावात ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह चालत असेल तर तिथल्या जेवणाच्या वेळेचाही उपयोग होतो. लहान भावंडाला घेऊन आलेली एखादी आजी तिथे सहज भेटते. पण निकाल तिथे पंगतीत सांगू नका, तिला घेऊन बाजूला बसा.

राहिली ती चार मुलं, जी फडावर गेली. त्यांचा निकाल कोणाला सांगायचा? तो तिकडच्या शाळेतल्या शिक्षकाला सांगायचा असतो, आणि त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. बरोबर गेलेल्या मुलाने ते तिकडच्या शाळेत दाखवलं की त्याला वर्गात बसवून घेतलं जावं आणि तो कुठवर शिकला आहे ते नव्या शिक्षकाला कळावं, म्हणून ते केलेलं आहे. पण त्यावर नुसत्या श्रेणी लिहिल्या तर तिकडचा शिक्षक पुन्हा ‘अ आ इ’ पासून सुरू करतो आणि मूल मार्चमध्ये परततं ते जाताना होतं तिथेच. ‘परिच्छेद वाचतो, जोडाक्षरांवर अडतो, दोन अंकी बेरीज येते, हातच्याची शिकवायची आहे’ एवढं त्या कार्डावर तुमच्या अक्षरात लिहा. मुलगी कोणती कविता आवडीने म्हणते तेही लिहा, नव्या वर्गात पहिल्या दिवशी तिला बोलतं करायला ते कामी येतं.

यंदाची चार गेलीच आहेत. त्यांच्या बापांचे फोन नंबर मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे, मिळतील. कार्ड गावातल्या कोणाबरोबर पाठवता येत असेल तर पाठवा, नाहीतर तिकडच्या शाळेचा नंबर मिळवून त्या शिक्षकांशी स्वतः बोला. पुढच्या वर्षी मात्र कार्डं दसऱ्याच्या आधीच भरून ठेवा. कोण जाणार हे मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली जाते तेव्हाच गावात कळलेलं असतं, आणि टोळीचा ट्रक रात्री निघतो. कार्डाच्या मागच्या बाजूला तुमचा नंबर लिहा, म्हणजे तिकडच्या गुरुजींना काही विचारायचं असेल तर ते तुम्हाला फोन करतील.